इमलच्या नावानं

दोन हजार बावीस साल. मला तवा एकाहत्तरावं चालू होतं, शेजारच्या सुभेदारांना अडुसष्टावं. त्या उन्हाळ्यात एक दिवस कुंपणाच्या तारेवर दोन्ही हात ठेवून सुभेदार मला म्हणाले, "मिस्त्री, इमलसाठी एक दार करायचं हाय."

इमल म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. मला वाटलं, ह्यांना ऊन लागलं.

मी मोटारी भरणारा माणूस. कवठे महांकाळला माझं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार आली की आतली काळी तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे मी चव्वेचाळीस वर्षं केलं. शिक्षण चौथी. इंग्रजी अक्षरं येतात ती मोटारीच्या पाटीवरची. व्ही म्हणजे व्होल्ट, ए म्हणजे अँपियर, एच आणि पी शेजारी शेजारी आले की ताकद. बाकीची ओळखतो, पण त्यांच्याशी जाणंयेणं नाही. मुलानं सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या अंगाला घर बांधलं म्हणून दुकान बंद करून इथं आलो, आणि वर्षाच्या आत मुलगा बदली होऊन पुण्याला गेला. घरात मी आणि चार खोल्या. शेजारी सुभेदार आणि त्यांच्या तीन.

सुभेदार पलटणीत अठ्ठावीस वर्षं सिग्नलला होते. टेलिफोन, वायरलेस, डोंगरातनं तारा ओढणं. उंची बेताची, मान ताठ, मिशी पांढरी पण बारीक कातरलेली. घरात एकटा माणूस, तरी चादरीला सुरकुती नाही. चपला दाराबाहेर अशा ठेवलेल्या की दोन्हींचे अंगठे एका रेषेत. मी जाता-येता मुद्दाम एक वाकडी करायचो. ते बोलता बोलता पायानं ती सरळ करायचे, बोलणं तोडायचे नाहीत.

त्यांचा एक शब्द होता, पलटणीतनं आणलेला. "दोहराव." तुम्ही त्यांना काही सांगितलं तर आधी ते तुमचंच वाक्य परत म्हणायचे आणि मग उत्तर द्यायचे. आणि त्यांनी तुम्हाला काही सांगितलं, तर तुम्ही ते परत म्हणून दाखवल्याशिवाय सुटका नाही. दूधवाल्याला म्हणायचे, "उद्या अर्धा लिटर जादा."

"व्हय."

"व्हय नको. दोहराव."

"उद्या अर्धा लिटर जादा, आनि माज्या डोक्याला रोजच्यायेवढाच ताप."

"बराबर," सुभेदार म्हणायचे, अगदी गंभीरपणानं.

मी एकदा विचारलं, हे खूळ कशाला? तर म्हणाले, "आवं मिस्त्री, सांगितलेलं आनि समजलेलं, मधी डोंगर असतोय. मी ह्या अंगाला, समोरचा त्या अंगाला. त्यानं दोहरावल्याबिगर मला कसं कळनार काय पोचलं?"

हे मी ऐकून घेतलं. माणसाचं बोलणं माणसाला कधी लागू पडेल ते सांगता येत नाही.

आता इमलवहिनीच्या दाराचं. वहिनीला लिहिता-वाचता येत नव्हतं. बाकीच्या जवानांना घरची पत्रं यायची, सुभेदारांना नाही. म्हणून एका सुट्टीत त्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि बायकोला दोन बटणं शिकवली. तेव्हापासनं वहिनी कॅसेटमध्ये बोलायची आणि दीर ती टपालात टाकायचा. अशा एकतीस कॅसेटी. त्यातली एक मी ऐकलेली आहे. आधी कोंबडी ओरडते, मग वहिनी म्हणते, "ऐकताय न्हवं? म्हस व्याली. रेडी झाली. परताप आज भितीला धरून उभा ऱ्हायला. तुमी मधी बोलत न्हाई हे लय बरं हाय, माजं सगळं सांगून हुतंय."

हा प्रताप म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. कॅनडात असतो, पूल बांधतो. आई गेली तेव्हा त्याला विमान वेळेवर मिळालं नाही, तो तिसऱ्या दिवशी पोचला. सुभेदारांनी अग्नी द्यायला पोरासाठी थांबायचं का नाही थांबायचं, ह्यावर बापलेकांत काय झालं ते मला माहीत नाही. एवढं खरं की त्यानंतर दोघांत हवापाण्यापुरतं बोलणं उरलं. सुभेदारांच्या मनात होतं की पोरानं ह्या एकतीस कॅसेटी ऐकाव्यात. तोंडानं सांगायचे नाहीत, पण त्या सगळ्या खटपटीचा जीव तेवढाच होता.

त्यांनी कॅसेटी कॉम्प्युटरात उतरवल्या. मी म्हणालो, लोक सगळं कुठल्या तरी कंपनीच्या जागेवर ठेवतात, तिथनं कोणालाही दिसतं, तसं करा.

"दुसऱ्याच्या माळ्यावर मी इमलला ठेवनार न्हाई," ते म्हणाले. "तिचं बोलनं तिच्या घरात ऱ्हाईल. पोराला ऐकायचं तर त्यानं घरात यावं."

म्हणून जेवणाच्या डब्याएवढा एक छोटा कॉम्प्युटर त्यांनी देवळीत ठेवला, चोवीस तास चालू. त्यात वहिनीचा आवाज. प्रतापनं तिकडनं एकदा उघडून बघितलं आणि फोन केला, "तात्या, फोन असुरक्षित म्हणतोय. कुलूप दिसत नाही. मधे कोणीही ऐकू शकेल. कुलूप येऊ दे, मग मी बसून सगळ्या ऐकतो."

मला वाटलं सुभेदार चिडणार. उलट छाती फुगली. "बराबर बोलला पोरगा. उघड्या तारंवर घरचं बोलनं करायचं न्हाई. हे मीच त्याला सांगाय पायजे हुतं."

त्या कुलपाला एचटीटीपीएस म्हणतात. अडुसष्टाव्या वर्षी हा माणूस ते शिकायला बसला. नातवाच्या वयाची पोरं यूट्यूबवर बडबडायची, हे वहीत लिहून घ्यायचे आणि मध्येच थांबवून तीच वाक्यं मोठ्यानं म्हणायचे. त्या पोरांनासुद्धा दोहराव.

एक दिवस मला म्हणाले, "मिस्त्री, कुलूप सरळ डब्याला लावायचं नसतंय. मधी एक खिडकी बसवायची. रिव्हर्स प्रॉक्सी म्हंत्यात."

"म्हंजे?"

"मिरजेचा दवाखाना आठवा. आत वार्ड किती, खाटा किती, बाहेरच्याला ठाव न्हाई. दारात एकच खिडकी. तुमी तिथं नाव सांगायचं. नाव यादीत असलं तर खिडकीवालाच आत जातो, काम करून येतो, तुमाला बाहेर आनून देतो. नाव नसलं तर चालते व्हा. कुलूप त्या खिडकीला."

दवाखान्याचं नाव काढल्यावर त्यांनी वही मिटली. मग मला तिथली गोष्ट सांगितली. वहिनीला मिरजेला भरती केलं त्या दिवशी कागद त्यांच्या पुतण्यानं भरले. सुभेदार मागनं पोचले आणि खिडकीवर म्हणाले, इमल कुठल्या वार्डात हाय? खिडकीतल्या बाईनं कॉम्प्युटरात बघितलं, म्हणाली, ह्या नावाचं कोणी नाही. हे म्हणाले, नीट बघा, इमल. ती म्हणाली, बाबा, नाही. तास सव्वा तास हा माणूस बाहेर बाकड्यावर बसून राहिला. कागदावर विमल होतं. वि आमच्याकडं कोणाच्या तोंडात येतो? विहिरीला आम्ही हीर म्हणतो, विठोबाला इठोबा. चाळीस वर्षं ज्या नावानं हाक मारली ते नाव खिडकीवर चाललं नाही, हे त्यांच्या मनात काट्यासारखं राहिलं.

"आता खिडकी माजी हाय," सुभेदार म्हणाले. "माज्या खिडकीवर ती इमलच."

त्यांनी आपल्या आडनावाचा एक पत्ता विकत घेतला. त्या पत्त्याच्या पुढं कुठलंही नाव लावा, वाट त्यांच्याच घराशी येणार, पण आत सोडायचं का नाही ते खिडकी ठरवणार. पुढचं नाव त्यांनी ठेवलं इमल. इंग्रजीत, चार अक्षरांत, जसं तोंडात येतं तसं.

वाटेत अडचणी लय आल्या. इंटरनेटवाल्यानं सगळ्या गल्लीला मिळून एकच पत्ता दिला होता, म्हणजे बाहेरनं येणाऱ्याला सुभेदारांचं घर कुठलं ते कळायचंच नाही. सुभेदार इस्त्रीचा बुशशर्ट घालून त्याच्या ऑफिसात गेले. मी बरोबर होतो. स्वतंत्र पत्ता पाहिजे असा अर्ज दिला. टेबलावरचा माणूस म्हणाला, "होऊन जाईल, काका."

"काय होऊन जाईल? दोहराव."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "म्हना बाबा, न्हाईतर आमी हितंच जेवनार." त्यानं अर्ज मोठ्यानं वाचला. अर्ध्या ऑफिसनं ऐकला. दुसऱ्या दिवशी पत्ता मिळाला. मग राउटरमध्ये चारशे त्रेचाळीस नंबरचं दार उघडायचं, ते खिडकीकडं वळवायचं, असं करत करत श्रावण आला आणि एका दुपारी माझ्या फोनवर कुलूप उगवलं. बारकंसं, ज्वारीच्या दाण्याएवढं. सुभेदारांनी माझा फोन हातात घेतला आणि चष्मा काढून बघितला, लावून बघितला.

त्या कुलपाला दाखला लागतो. तो नावाचा असतो. जे नाव दाखल्यावर, त्याच नावानं आलं तर कुलूप. एक अक्षर इकडंतिकडं झालं तर फोन सांगतो, मागं फिरा, धोका आहे. आणि तो दाखला नव्वद दिवसच चालतो, मग नवा. सुभेदार म्हणाले, "माजा हयातीचा दाखला पेन्शनला वर्सातनं एकदा. हिचा नव्वद दिवसाला." असं म्हणून हसले. मी नाही हसलो.

मग मुलाला फोन. मी समोरच होतो. ताठ बसून म्हणाले, "परताप, कुलूप झालं. पत्ता आपल्या आडनावाचा. पुढं तुज्या आईचं नाव लाव." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी त्यांनी दोहराव म्हटलं नाही. हे मला आज कळतं. त्या दिवशी मी चहा पीत होतो.

सुभेदारांचा नवा नेम झाला. रोज सकाळी दाढी करून खुर्चीवर बसायचं आणि खिडकीची वही उघडायची. कोण आलं, कवा आलं, कुठल्या नावानं आलं, सगळं खिडकी लिहून ठेवते. तिच्या दोन याद्या. एक आत सोडलेल्यांची, एक हाकलून दिलेल्यांची. दुसरी यादी हे कधी उघडायचे नाहीत. "जगातले चोर येऊन दार हलवून जात्यात. दिसाला दोनशे-तीनशे. चोरांची नावं वाचून काय करायचं?"

पहिल्या यादीत दोनच माणसं असायची, ते आणि मी.

चार-पाच दिवसांनी प्रतापचा फोन आला, "तात्या, उघडत नाही."

"माज्याकडं उघडतंय. मिस्त्रीकडं उघडतंय."

"इथनं धोका दाखवतंय. नाव परत सांगता का?"

सुभेदारांचा चेहरा मी बघितला. "आईचं नाव बापाला इचारतोस?" म्हणाले आणि फोन बंद केला.

त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली. वहिनीचं वर्षश्राद्ध फेब्रुवारीत असायचं, तेही गेलं. सुभेदार रोज यादी बघायचे. चप्पल वाकडी केली तरी सरळ करायला त्यांचा पाय उठेना, तेव्हा मी ती खोड सोडून दिली. एकदा मात्र माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. मी म्हणालो, "सुभेदार, येवढं दार केलं, खिडकी केली, पन पोराला यायचंच न्हाई त्याला कुलूप काय करनार?"

त्यांनी माझं वाक्य परत म्हटलं. "पोराला यायचंच न्हाई त्याला कुलूप काय करनार." मग म्हणाले, "बराबर." आणि आत गेले. पंधरा दिवस मी त्यांच्याकडं गेलो नाही. चूक माझी होती हे ठाऊक होतं, पण पाय निघेना. कुंपणातनं ते दिसायचे. एकटेच बसलेले, स्क्रीनचा उजेड तोंडावर.

जूनमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मिरजेलाच. घरी आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन. दुसरा डोळा आधीच अधू. तेव्हा मी गेलो. न बोलावता गेलो, एवढं माझ्या खात्यावर लिहा.

"मिस्त्री," ते म्हणाले, जसं काल भेटलो होतो, "चार दिस यादी बघितली न्हाई. तुमी वाचा."

"माजं इंग्रजी तुमाला ठाव हाय."

"अक्षरं तर येत्यात? एकेक वाचा. वरनं दुसरी फाईल."

मी खुर्चीवर बसलो. वरनं दुसरी की खालनं दुसरी, ह्यात माझा गोंधळ झाला आणि जी उघडली ती चोरांची निघाली. ओळीच ओळी, नुसते आकडे. सुभेदार कॉटवर ताठ बसून ऐकत होते. मी आकडे वाचत गेलो. मध्येच एक ओळ आली, अक्षरांची. आकड्यांच्या गर्दीत ती वेगळी दिसली. वहिनीचं नाव रोज बघून बघून माझ्या नजरेत बसलं होतं. आधी काठी, मग दोन कमानी, मग अँपियर, मग उभी रेघ. इथं ते होतं, पण त्याच्या आधी आणखी एक अक्षर होतं. हे मात्र माझं होतं. मी आयुष्यभर वाचलेलं.

"सुभेदार, ह्येच्यात पुढं व्होल्ट हाय."

"काय हाय?"

"व्ही. व्होल्टचा व्ही. व्ही, मग इमल."

सुभेदार म्हणाले, "परत वाचा."

"व्ही. आय. एम. ए. एल."

"तारीख?"

मी तारीख वाचली. ते म्हणाले, खाली चला. मी खाली खाली गेलो. पुन्हा व्ही. पुन्हा व्ही. श्रावणातल्या त्या पहिल्या दिवशी सात वेळा. दुसऱ्या दिवशी पाच. दिवाळीत पाडव्याला. वर्षश्राद्धाच्या दिवशी तर तासाभरात अकरा वेळा. पोरगा येत होता. कागदावर जे आईचं नाव, शाळेच्या दाखल्यावर जे आईचं नाव, त्याच नावानं येत होता, आणि खिडकी त्याला सांगत होती, ह्या नावाचं कोणी नाही. वर्षश्राद्धानंतर एकही ओळ नव्हती.

सुभेदार उठले. पट्टी बांधलेला डोळा, दुसऱ्यानं धूसर दिसतंय, भिंतीला धरत आले आणि माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

"मिस्त्री, पोराला मी बाकड्यावर बसवला," ते म्हणाले.

मी फोन लावून दिला. तिकडं पहाट होती. प्रतापचा आवाज आला, "तात्या? डोळा बरा आहे ना?"

सुभेदार म्हणाले, "लिहून घे. माजी चूक हाय, मी सांगताना अक्षरं सांगितली न्हाईत. व्ही काढ. इंडिया, माइक, अल्फा, लिमा. इमल." पलटणीत वायरलेसवर एकेका अक्षराला एकेक शब्द देतात, तसं. "आता दोहराव."

तिकडं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो चाळीस वर्षांचा माणूस तिकडनं म्हणाला, "इंडिया, माइक, अल्फा, लिमा." आणि अगदी हळू, "इमल."

फोन चालूच होता. थोड्या वेळानं त्या फोनमधनं कोंबडी ओरडली.

मी उठून घरी आलो. तिथं माझं काम नव्हतं.

पट्टी निघाल्यावर सुभेदारांनी खिडकीच्या यादीत व्हीचं नावही घातलं, त्याचा वेगळा दाखला काढला. दोन्ही नावांनी आता एकाच खोलीत जाता येतं. दिवाळीत प्रताप आला. तीन आठवडे राहिला. बापलेक अंगणात बसून कॅसेटी ऐकायचे, मी कुंपणाच्या अलीकडं कोथिंबीर खुडायचो. मग एक दिवस सुभेदार म्हणाले, "पोरगा चल म्हंतोय. तिकडं."

"मग जावा की," मी म्हणालो. दुसरं काही म्हणायचं माझ्या स्वभावात नाही.

डबा त्यांनी नेला नाही. इमलचं बोलणं इमलच्या घरात, हे ठरलेलंच होतं. किल्ली माझ्याकडं दिली.

मिरज स्टेशनवर दिवेलागणीला गाडी होती. प्रताप सामान लावत होता. सुभेदार खिडकीशी बसले, गजातनं बोट बाहेर काढून सांगत होते, "रोज सकाळी डब्यावरचा हिरवा दिवा बघायचा. नव्वद दिवसाला दाखला आपोआप होतो, पन तारीख बघायची. यादी वाचायची. दोनी याद्या. चोरांची आधी."

"व्हय."

"व्हय नको, मिस्त्री."

मी फलाटावर उभा राहून दोहरावलं. हिरवा दिवा, नव्वद दिवस, दोनी याद्या, चोरांची आधी. शेजारचा चहावाला हसत होता. गाडी हलली तेव्हा सुभेदारांनी बोट आत घेतलं आणि म्हणाले, "बराबर." आणखी काही म्हणाले, ते गाडीच्या आवाजात गेलं. मी परत विचारू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी त्यांच्या घरात गेलो. चपला दाराबाहेर काढल्या, सरळ ठेवल्या. हिरवा दिवा होता. चोरांची यादी वाचली, सगळे आकडे. मग आत सोडलेल्यांची उघडली. सात वाजून काही मिनिटांनी दोन ओळी होत्या, एकाखाली एक. पहिल्या ओळीत पुढं व्होल्ट. तिच्या खालची ओळ काठीपासनं सुरू. मी खुर्चीवर ताठ बसलो आणि दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या, एकेक अक्षर, त्या रिकाम्या खोलीत.